देवराज अर्स : निवडणूक निकालांच्या आरशातील एक कारकीर्द

फेब्रुवारी १९७८ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक या शेजारी राज्यांत एकाच सुमारास विधानसभेच्या निवडणुका झाल्या. महाराष्ट्रातील निकाल त्रिशंकू लागला. २८८ जागांपैकी जनता पक्षाला ९९, काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. वसंतदादा पाटील यांना दोन्ही काँग्रेसची मोट बांधून सरकार स्थापावे लागले आणि ते जुलैपर्यंतच टिकले. बंगळूरहून आलेली वार्ता मात्र अगदी निराळी होती. जेमतेम दोन महिन्यांपूर्वी जन्मलेल्या इंदिरा काँग्रेसने तेथे २२४ पैकी १४९ जागा जिंकल्या होत्या; केंद्रात सत्तेवर असलेल्या जनता पक्षाला ५९ जागांवर समाधान मानावे लागले. वर्षभरापूर्वी रायबरेलीत स्वतःची जागाही राखू न शकलेल्या इंदिरा गांधी यांच्या पुनरागमनाचा मार्ग बंगळूर आणि हैदराबाद या दोन राजधान्यांतून खुला झाला. बंगळूरच्या विजयाचे शिल्पकार होते देवराज अर्स. पुढे दोनच वर्षांनी त्याच मतदारांनी त्यांच्या पक्षाला राज्यात एकही जागा दिली नाही.

अर्स यांचा जन्म २० ऑगस्ट १९१५ रोजी म्हैसूर जिल्ह्यातील हुणसूर तालुक्यात, कल्लहळ्ळी या गावी झाला. अर्स हा समाज संख्येने अत्यंत लहान. म्हैसूरच्या वडियार राजघराण्याशी त्याचे नातेसंबंध. त्यामुळे घराला प्रतिष्ठा होती, परंतु निवडणुकीच्या राजकारणात उपयोगी पडेल असे जातीचे संख्याबळ मुळीच नव्हते. त्यांच्या पुढील सर्व राजकारणाची किल्ली या एका गोष्टीत सापडते. म्हैसूरला शालेय शिक्षण आणि बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात विज्ञानाची पदवी घेतल्यावर नोकरीच्या मागे न लागता ते गावी परतले व शेती करू लागले. कुस्तीचा त्यांना नाद होता. धाकटे बंधू केंपराज अर्स यांनी कन्नड चित्रपटसृष्टीत अभिनेते व दिग्दर्शक म्हणून नाव मिळविले. देवराज यांना मात्र सार्वजनिक कार्याने ओढून घेतले. १९४१ मध्ये ते म्हैसूर संस्थानच्या प्रजाप्रतिनिधी सभेवर निवडून गेले. स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते हुणसूरमधून विधानसभेत आले आणि त्या मतदारसंघाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचना झाली. मुंबई राज्यातील बेळगाव, विजापूर, धारवाड व कारवार, हैदराबाद राज्यातील गुलबर्गा, रायचूर व बिदर, तसेच मद्रास राज्याचा काही भाग व कुर्ग हे सारे म्हैसूर राज्यात आले. विस्तारलेल्या राज्यात सत्तेचा तोल उत्तरेकडे झुकला. निजलिंगप्पा, बी. डी. जत्ती, एस. आर. कंठी आणि वीरेंद्र पाटील, म्हणजे १९५६ पासून १९७१ पर्यंतचे सर्व मुख्यमंत्री, लिंगायत समाजातील होते. जुन्या म्हैसूर भागात वक्कलिगांचे वर्चस्व होते. उमेदवारी, मंत्रिपदे आणि सहकारी संस्था यांची वाटणी प्रामुख्याने या दोन समाजांमध्ये होई. बाकीचे समाज मतदार होते, वाटेकरी नव्हते. अर्स यांनी साठच्या दशकात निजलिंगप्पांच्या मंत्रिमंडळात काम केले. परंतु या रचनेत त्यांच्यासारख्याला शिखर गाठता येईल, असे तेव्हा कोणाला वाटले नसावे.

ही घडी बंगळुरातच विस्कटली. जुलै १९६९ मध्ये लालबागेतील काचघरात अखिल भारतीय काँग्रेस समितीचे अधिवेशन भरले. पक्षाध्यक्षपदी निजलिंगप्पाच होते. राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीवरून पंतप्रधान आणि ज्येष्ठ नेत्यांचा गट यांच्यातील संघर्ष तेथे उघड झाला आणि नोव्हेंबरमध्ये पक्ष दुभंगला. राज्यातील बहुतेक मातब्बर मंडळी निजलिंगप्पांबरोबर संघटना काँग्रेसमध्ये राहिली. अर्स यांनी इंदिरा गांधींची बाजू घेतली आणि राज्यात नव्या पक्षाची बांधणी त्यांच्याकडे आली. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत म्हैसूर राज्यातील सर्व २७ जागा त्यांच्या पक्षाने जिंकल्या. वीरेंद्र पाटील यांचे सरकार कोसळले व राज्यात वर्षभर राष्ट्रपती राजवट राहिली.

मार्च १९७२ ची विधानसभा निवडणूक हा या चरित्राचा गाभा आहे. २१६ जागांपैकी सत्तारूढ काँग्रेसला १६५ जागा मिळाल्या, संघटना काँग्रेस २४ वर आली, अपक्ष २० निवडून आले. इंदिरा गांधींच्या लाटेचा तो काळ होता. महाराष्ट्रातही त्याच वर्षी वसंतराव नाईकांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा पटकावल्या होत्या. तेव्हा केवळ आकडे पाहून अर्स यांचे श्रेय ठरविणे योग्य होणार नाही. त्यांचे वेगळेपण उमेदवारांच्या यादीत होते. जुने पुढारी दुसऱ्या पक्षात गेल्यामुळे जागा रिकाम्या होत्या. त्या भरताना अर्स यांनी मागासवर्गीय, दलित, अल्पसंख्य आणि आजवर कोणी न विचारलेल्या लहान जातींतील तरुणांना हुडकून काढले. लिंगायत व वक्कलिग यांना त्यांनी वगळले नाही; तसे करणे शक्यही नव्हते. परंतु त्यांच्या मक्तेदारीला मात्र त्यांनी धक्का दिला. गुरमिटकलमधून प्रथमच निवडून आलेले मल्लिकार्जुन खर्गे, कारकळचे वीरप्पा मोईली, जेवर्गीचे धरमसिंग ही त्याच पिढीची नावे. त्यांपैकी मोईली व धरमसिंग पुढे मुख्यमंत्री झाले आणि खर्गे २०२२ मध्ये काँग्रेसचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले. २० मार्च १९७२ रोजी अर्स यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली.

मिळालेल्या बहुमताचा उपयोग त्यांनी प्रथम जमिनीच्या प्रश्नासाठी केला. जमीन सुधारणा कायद्यातील दुरुस्ती १ मार्च १९७४ पासून अमलात आली. कुळांकडे असलेली सर्व जमीन त्या दिवसापासून सरकारकडे निहित झाली आणि कसणाऱ्याने सात क्रमांकाचा अर्ज भरून तिच्यावर हक्क सांगायचा, अशी व्यवस्था झाली. दावे दिवाणी न्यायालयांत वर्षानुवर्षे रेंगाळू नयेत म्हणून तालुकानिहाय जमीन न्यायाधिकरणे नेमण्यात आली आणि आरंभी तेथे वकिलांना उभे राहण्यास मनाई होती. लाखो कुळांनी अर्ज केले. दक्षिण आणि उत्तर कन्नड या किनारी जिल्ह्यांत, जेथे पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याची भातशेती खंडाने कसली जात होती, तेथे या कायद्याचा परिणाम सर्वाधिक दिसला. बेळगाव व कारवारकडील कुळांची कहाणी मराठी वाचकाला विशेष जाणवावी. मुंबई राज्याच्या कूळकायद्याखालील कृषकदिन १ एप्रिल १९५७ रोजी उजाडला, पण त्याआधी पाच महिने हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले होते. शेजारच्या कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कुळांना जे मिळाले, त्यासाठी त्यांना दीर्घकाळ वाट पाहावी लागली. कमाल जमीनधारणेच्या बाबतीत मात्र अर्स यांचा कायदा नरम होता. कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकरांपर्यंत असल्याने भूमिहीनांना वाटण्यासाठी फारशी अतिरिक्त जमीन निघाली नाही. लाभ झाला तो कुळांना, शेतमजुरांना नव्हे.

दुसरे पाऊल आरक्षणाचे होते. वकील एल. जी. हावनूर यांच्या अध्यक्षतेखाली १९७२ मध्ये मागासवर्ग आयोग नेमण्यात आला. १९७५ मध्ये त्याचा अहवाल आला आणि १९७७ मध्ये त्या आधारे नोकऱ्या व शिक्षणातील राखीव जागांचा आदेश निघाला. लिंगायतांना मागासांच्या यादीतून वगळल्यामुळे अहवालावरून मोठे वादळ उठले, विधिमंडळात आणि रस्त्यावर त्याचे पडसाद उमटले, प्रकरण पुढे न्यायालयांत गेले. मंडल आयोगाची नेमणूक होण्याच्याही आधीची ही घटना आहे. मागास विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे, कर्जमाफीचा कायदा, डोक्यावरून मैला वाहून नेण्यावर बंदी हे निर्णयही त्याच काळातले. डोक्यावरील मैल्याची प्रथा थांबविण्याचा आग्रह धरणारे दलित मंत्री बी. बसवलिंगप्पा यांना १९७३ मध्ये कन्नड साहित्याविषयीच्या एका विधानावरून उसळलेल्या प्रक्षोभामुळे मंत्रिपद सोडावे लागले. तेव्हा अर्स यांनी त्यांची पाठराखण किती केली, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनाही अडचणीचा वाटतो.

राज्याचे म्हैसूर हे नाव जाऊन १ नोव्हेंबर १९७३ रोजी कर्नाटक हे नाव आले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत. नव्याने जोडल्या गेलेल्या जिल्ह्यांना आपलेपणा वाटावा हा त्यामागील हेतू होता. सीमाभागातील मराठी भाषकांचा प्रश्न मात्र तेथेच राहिला. राज्योत्सवाचा तो दिवस महाराष्ट्र एकीकरण समिती काळा दिन म्हणून पाळत आली.

आणीबाणीचे वर्तन हा या चरित्रातील काळोखा भाग होय. संसदीय समितीच्या बैठकीसाठी बंगळुरात आलेले अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि आपले मधू दंडवते यांना २६ जून १९७५ रोजी तेथेच स्थानबद्ध करून मध्यवर्ती तुरुंगात ठेवण्यात आले. त्याच तुरुंगात अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांची प्रकृती ढासळली आणि सुटकेनंतर जानेवारी १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले. उत्तर भारताच्या तुलनेत कर्नाटकात अत्याचार कमी झाले, असे सांगितले जाते. तथापि मुख्यमंत्री म्हणून अर्स यांची जबाबदारी त्यामुळे टळत नाही.

मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत उत्तरेत काँग्रेस वाहून गेली असता कर्नाटकात तिने २८ पैकी २६ जागा राखल्या. साहजिकच केंद्रातील जनता सरकारचे लक्ष बंगळूरकडे वळले. अर्स यांच्यावरील भ्रष्टाचार व वशिलेबाजीच्या आरोपांच्या चौकशीसाठी न्या. ए. एन. ग्रोव्हर यांचा आयोग नेमण्यात आला. केंद्राला असा आयोग नेमण्याचा अधिकारच नाही, असे म्हणत कर्नाटक सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, परंतु तेथे राज्याचा दावा फेटाळला गेला. आयोगाने पुढे काही आरोपांबाबत अर्स यांच्यावर ठपका ठेवला. पक्षात फूट पडून बहुमताविषयी शंका निर्माण होताच ३१ डिसेंबर १९७७ रोजी राज्यात राष्ट्रपती राजवट आली. अर्स इंदिरा गांधींबरोबर राहिले आणि आरंभी सांगितलेला तो १४९ जागांचा कौल घेऊन २८ फेब्रुवारी १९७८ रोजी पुन्हा मुख्यमंत्री झाले. नोव्हेंबरमध्ये चिकमगळूरची लोकसभेची जागा रिकामी करवून त्यांनी इंदिरा गांधींना तेथून सुमारे ७७ हजार मतांनी निवडून आणले. पराभूत उमेदवार होते माजी मुख्यमंत्री वीरेंद्र पाटील.

सात महिन्यांत सारे बदलले. मुख्यमंत्रिपद आणि प्रदेशाध्यक्षपद एकाच व्यक्तीकडे असावे काय, असा वादाचा बाह्य मुद्दा होता; संजय गांधी यांचे पक्षात परतलेले महत्त्व हे खरे कारण होते. जून १९७९ मध्ये अर्स यांची पक्षातून हकालपट्टी झाली. आमदारांचे बहुमत पाठीशी असल्याने सरकार वाचले. दुसऱ्या काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि ती अर्स काँग्रेस म्हणून ओळखली जाऊ लागली. यशवंतराव चव्हाण याच पक्षात होते. चरणसिंग यांच्या सरकारात ते उपपंतप्रधान झाले, तेव्हा महाराष्ट्रातील अनेकांना पक्षाच्या नावातील हे कानडी आडनाव प्रथम परिचित झाले.

जानेवारी १९८० च्या लोकसभा निवडणुकीत कर्नाटकातील २८ पैकी २७ जागा इंदिरा काँग्रेसने जिंकल्या. उरलेली एक जनता पक्षाला मिळाली. ज्या कुळांना जमीन मिळाली, ज्या मुलांना वसतिगृहात जागा मिळाली, त्या घरांतील मतेही अर्स यांच्यामागे आली नाहीत. सुधारणांचे श्रेय गावोगावी दिल्लीच्या नेतृत्वाच्या नावावर नोंदले गेले होते, आणि गेली आठ वर्षे ते तसे नोंदविण्याचे काम स्वतः अर्स यांनीच केले होते. निकाल लागताच आमदारांची रीघ दुसरीकडे लागली. अर्स यांनी राजीनामा दिला आणि १२ जानेवारी १९८० रोजी आर. गुंडूराव मुख्यमंत्री झाले. दोन्ही कारकिर्दी मिळून अर्स साडेसात वर्षांहून अधिक काळ त्या पदावर होते.

१९८१ मध्ये पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्षपद शरद पवार यांच्याकडे गेले आणि पक्षाच्या नावातून अर्स हा शब्दही गळाला. अर्स यांनी राज्यापुरता कर्नाटक क्रांतिरंग हा पक्ष उभारण्यास घेतला. ते काम चालू असतानाच ६ जून १९८२ रोजी बंगळुरात त्यांचे निधन झाले. क्रांतिरंगाची धुरा एस. बंगारप्पा यांच्याकडे आली व पक्षाने जनता पक्षाशी हातमिळवणी केली. जानेवारी १९८३ च्या विधानसभा निवडणुकीत २२४ जागांपैकी या आघाडीला ९५, काँग्रेसला ८२ आणि भारतीय जनता पक्षाला १८ जागा मिळाल्या. १० जानेवारी रोजी रामकृष्ण हेगडे यांनी शपथ घेतली आणि विधानसौधात प्रथमच बिगरकाँग्रेस सरकार आले.