पोलादातील तड्यापासून रुग्णशय्येपर्यंत : डॉ. इयान डोनाल्ड

सोनोग्राफी हा शब्द मराठी घरांना आता परका राहिलेला नाही. गर्भवतीची तपासणी असो, मूतखड्याची शंका असो वा पोटदुखीचे कारण शोधायचे असो, डॉक्टर बहुधा याच तपासणीची चिठ्ठी लिहून देतात. गेल्या काही दशकांत तर हे यंत्र स्वतंत्र खोलीतून बाहेर पडून अपघात विभागात आणि अतिदक्षता विभागात थेट रुग्णाच्या खाटेशी येऊन पोहोचले आहे. ध्वनिलहरींनी शरीराच्या आत पाहण्याची ही विद्या स्त्रीरोग आणि प्रसूतीच्या नित्य व्यवहारात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने डॉ. इयान डोनाल्ड या ब्रिटिश वैद्यकाकडे जाते.

डोनाल्ड यांचा जन्म २७ डिसेंबर १९१० रोजी इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात लिस्कर्ड येथे झाला. घराणे मूळचे स्कॉटिश आणि वडील डॉक्टर. वडिलांच्या प्रकृतीसाठी हे कुटुंब दक्षिण आफ्रिकेत गेले. इयान यांचे शिक्षण केपटाऊनमध्ये झाले आणि पहिली पदवी त्यांनी भाषा व संगीत या विषयांत घेतली. तोवर आई-वडिलांचे छत्र हरपले होते. इंग्लंडला परतल्यावर लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयाच्या महाविद्यालयातून १९३७ मध्ये ते डॉक्टर झाले.

दुसऱ्या महायुद्धात ते शाही हवाई दलात वैद्यकीय अधिकारी होते. पेटत्या विमानातून वैमानिकांना बाहेर काढल्याबद्दल त्यांचा सरकारी सन्मानही झाला. त्याच काळात रडार आणि सोनार या तंत्रांशी त्यांचा परिचय झाला. सोडलेली लहर कशावर तरी आदळून परत येते आणि त्या प्रतिध्वनीवरून न दिसणाऱ्या वस्तूचा ठाव लागतो, ही कल्पना त्यांच्या मनात घर करून राहिली. युद्धानंतर नवजात अर्भकांना श्वास घेण्यास मदत करणारी उपकरणे त्यांनी सिद्ध केली. यंत्रांच्या या वेडापायी सहकारी त्यांना थट्टेने ‘वेडा डोनाल्ड’ म्हणत.

१९५४ मध्ये ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. ग्लासगो हे जहाजबांधणीचे आणि लोखंडकामाचे शहर. तेथील कारखान्यांत पोलादातील तडे शोधण्यासाठी श्राव्यातीत ध्वनिलहरींची यंत्रे वापरली जात. पोलादाच्या पोटातील तडा कळतो, तर माणसाच्या पोटातील गाठ का कळू नये, हा प्रश्न डोनाल्ड यांना पडला. अमेरिकेत जॉन वाइल्ड आणि डग्लस हाउरी, तर स्वीडनमध्ये हृदयरोगासाठी इंगे एडलर यांचे या दिशेने प्रयत्न चालूच होते. २१ जुलै १९५५ रोजी डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून रेन्फ्रू येथील बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलरच्या कारखान्यात गेले. तुलनेसाठी गोमांसाचा एक तुकडाही ठेवला होता. गर्भाशयातील घन गाठी आणि बीजांडकोशातील द्रवाने भरलेल्या गाठी यांचे प्रतिध्वनी स्पष्टपणे वेगळे उमटले. द्रवातून लहर अडथळ्याविना जाते, तर घन भागातून ती जागोजाग परतते, इतके साधे हे तत्त्व होते.

केल्विन अँड ह्यूजेस या कंपनीतील टॉम ब्राऊन या तरुण अभियंत्याच्या कानावर हे प्रयोग गेले. त्यांनी दूरध्वनी करून डोनाल्ड यांची भेट मागितली आणि पुढे रुग्णाच्या त्वचेवर टेकवून चित्र काढणारे यंत्र तयार केले. डॉ. जॉन मॅकव्हिकर हे तिसरे सहकारी होते. आरंभीची चित्रे इतकी अंधूक होती की अनेक डॉक्टर त्यांची टिंगल करीत. एका रुग्णेने हे वातावरण बदलले. पोट फुगलेल्या या स्त्रीला जठराचा असाध्य कर्करोग असून त्यामुळेच जलोदर झाला आहे, असे निदान झाले होते. यंत्राने मात्र एकच प्रचंड पाणगाठ दाखविली. शस्त्रक्रियेत बीजांडकोशाची निरुपद्रवी गाठ निघाली आणि ती स्त्री वाचली. ७ जून १९५८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये या तिघांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि जगाचे लक्ष ग्लासगोकडे वळले.

१९६३ मध्ये डोनाल्ड यांनी आणखी एक युक्ती सुचविली. मूत्राशय भरलेले असले की त्यातून लहरी सहज जातात आणि अगदी आरंभीचा गर्भही दिसू शकतो. पोटाच्या सोनोग्राफीआधी भरपूर पाणी पिण्यास सांगितले जाते, त्यामागे हेच कारण आहे. स्वतः डोनाल्ड हृदयाच्या झडपांच्या विकाराने त्रस्त होते. तीन वेळा हृदयावर शस्त्रक्रिया होऊनही त्यांनी १९७६ मधील निवृत्तीपर्यंत काम सोडले नाही.

ते श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि ब्रिटनमधील १९६७ च्या गर्भपात कायद्याचे कडवे विरोधक. गर्भाची हालती चित्रे दाखवून त्यांनी या कायद्याविरुद्ध प्रचार केला. १९ जून १९८७ रोजी इसेक्समधील पॅगलशॅम येथे त्यांचे निधन झाले. हेच यंत्र भारतात मुलीचा गर्भ ओळखून तो पाडण्यासाठी राबविले गेले, हा इतिहासातील क्रूर विरोधाभास होय. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ मध्ये देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे राज्यातील मुलींची संख्या १९९१ मधील ९४६ वरून २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ वर घसरली.

दुसरीकडे, हेच यंत्र जीव वाचविण्याच्या कामी अधिकाधिक जवळ आले. १९९० च्या दशकात ‘फास्ट’ नावाची तपासणी रूढ झाली. अपघातग्रस्ताचे यकृत व मूत्रपिंड यांमधील फट, प्लीहेचा परिसर, ओटीपोट आणि हृदयाभोवतीचे आवरण या चार जागा काही मिनिटांत पाहिल्या जातात. तेथे काळा पट्टा दिसला, तर आत रक्त साचल्याची शंका बळावते आणि शस्त्रक्रियेचा निर्णय लवकर घेता येतो. हवेमुळे फुप्फुसाची सोनोग्राफी व्यर्थ मानली जात असे. पॅरिसचे अतिदक्षता तज्ज्ञ डॅनियल लिक्टेनस्टाइन यांनी हवेमुळे उमटणाऱ्या आभासी रेषांचाच अर्थ लावला आणि २००८ मध्ये तीव्र श्वसनदोषाचे कारण खाटेशीच शोधण्याची पद्धत मांडली. साधन बदलले, तरी तातडीच्या प्रसंगी डॉक्टर विचारतात तो पहिला प्रश्न बहुधा डोनाल्ड यांचाच असतो : आत द्रव आहे की नाही?

आता खिशात मावेल आणि मोबाइलला जोडता येईल, असे सोनोग्राफी यंत्र निघाले आहे. भारतात मात्र यंत्राची नोंदणी, त्याची जागा आणि ते हाताळणाऱ्याची पात्रता यांवर कायद्याची बंधने आहेत. हलविता येणारे यंत्र हवे तेथे नेण्याची मुभा नाही. तातडीच्या उपचारांत ही बंधने डॉक्टरांना जाचक वाटतात. पण ज्या गैरवापरातून ती आली, तो अजून संपलेला नाही. ही बंधने सैल व्हावीत असे वाटत असेल, तर मुलींच्या घटत्या संख्येचे उत्तर आधी समाजालाच द्यावे लागेल.