वाळूला वाट पुसणारा अभियंता

वाळूत रुतलेली मोटार बाहेर काढताना जाणता चालक आधी चाकांतील हवा कमी करतो आणि कठीण जमीन लागताच सोबतच्या छोट्या एअर कॉम्प्रेसरने ती पुन्हा भरतो. आज हौशी प्रवाशांनाही परिचित असलेले हवा कमी करण्याचे हे तंत्र ज्यांनी भर वाळवंटात कसाला लावले, त्यांत राल्फ बॅग्नोल्ड यांचे नाव अग्रभागी आहे.

३ एप्रिल १८९६ रोजी इंग्लंडमधील डेव्हनपोर्ट येथे एका लष्करी अभियंत्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. लेखिका एनिड बॅग्नोल्ड या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९१५ मध्ये ते रॉयल इंजिनियर्समध्ये दाखल झाले. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी केंब्रिजमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १९२६ मध्ये इजिप्तमध्ये नेमणूक झाली आणि वाळवंटाने त्यांना झपाटले ते कायमचेच.

लिबियन वाळवंटात शेकडो किलोमीटर पाण्याचा थेंब मिळत नसे. तेथे मोटार रुतणे म्हणजे निव्वळ खोळंबा नव्हता. सोबतचे पाणी संपण्याआधी सुटका झाली नाही तर मृत्यू अटळ होता. बॅग्नोल्ड यांनी एकेका अडचणीचा शास्त्रीय विचार केला. हवा कमी केली की टायर पसरतो, भार अधिक जागेवर विभागला जातो आणि चाक खोल जात नाही. तेवढ्याने न भागल्यास वाळू उपसून चाकांखाली पोलादी पन्हळी सरकवल्या जात. मात्र कमी हवेचा टायर कठीण जमिनीवर तापून निकामी होतो; म्हणून तेथे हवा पुन्हा भरणे क्रमप्राप्त असते. रेडिएटरची वाफ डब्यात थंड करून ते पाणी परत वापरण्याची सोय त्यांनी केली. मोटारीच्या लोखंडामुळे चुंबकीय होकायंत्र फसते, हे ओळखून त्यांनी सावलीवर चालणारे सूर्य-होकायंत्र तयार केले.

१९२९, १९३० आणि १९३२ च्या मोहिमांनी त्यांची कीर्ती पसरली. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. १९३५ मध्ये ते लष्करातून निवृत्त झाले. पण दुसऱ्या महायुद्धाने त्यांना परत बोलावले. १९४० मध्ये जनरल वेव्हेल यांच्या पाठिंब्याने त्यांनी अवघ्या सहा आठवड्यांत वाळवंटी टेहळणी दल उभारले. लाँग रेंज डेझर्ट ग्रुप या नावाने ते पुढे प्रसिद्ध झाले. हौसेपोटी कमावलेली विद्या अशी रणांगणावर कामी आली.

वाऱ्याने वाळू कशी वाहते, हे त्यांनी वातबोगद्यात प्रयोग करून तपासले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९४४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. २८ मे १९९० रोजी त्यांचे निधन झाले. मंगळावरील एका वालुकाक्षेत्राला आज त्यांचे नाव आहे. ज्या वाळूने त्यांची चाके वारंवार अडवली, तिच्याच अभ्यासाने त्यांना परग्रहापर्यंत पोहोचवले.