लोखंडाच्या गिरणीची मालकीण

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही तरी लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिण्याचा प्रसंग म्हणजे वाण्याची यादी आणि आमच्या मंडप-भांड्यांच्या धंद्याची वही, एवढाच. पण त्या वहीमुळेच मला एका बाईची हकीकत आपणा सर्वांना सांगाविशी वाटली. ती बाई आपल्या देशातील नव्हे, अमेरिकेतील. तिला जाऊन एकशे सत्तर वर्षे होऊन गेली. तिचे नाव रिबेका लुकेन्स. लोखंड-पोलादाच्या धंद्यात तिकडे तिचे नाव अजून मानाने घेतात. माझी थोरली मुलगी कॉमर्सला आहे. तिने अभ्यासासाठी ही माहिती जमविली आणि मला समजावून सांगितली. ती ऐकल्यापासून माझ्या मनातून ही बाई काही जात नाही. का जात नाही, ते शेवटी सांगेन.

रिबेकेचा जन्म ६ जानेवारी १७९४ रोजी पेनसिल्व्हानिया प्रांतात झाला. माहेरचे आडनाव पेनॉक. घराणे क्वेकर पंथाचे. या पंथाचे लोक साधे राहतात, साधे नेसतात आणि मुलींनाही शिकवितात. वडील आयझॅक पेनॉक यांचा लोखंडाचा धंदा होता. पत्र्याच्या पट्ट्या कापून देण्याची त्यांची गिरणी होती. त्या पट्ट्यांपासून खिळे, पिंपांची कडी, गाड्यांच्या चाकांच्या धावा होत. रिबेका थोरली लेक. वडिलांच्या मागे मागे गिरणीत हिंडण्याची तिला लहानपणापासून सवय. पुढे तिला विल्मिंग्टन गावी बोर्डिंगात ठेवले. तेथे ती रसायनशास्त्र आणि फ्रेंच भाषा शिकली. त्या काळी मुलीने रसायनशास्त्र शिकावे, हे नवलच म्हणावयाचे!

१८१३ साली डॉक्टर चार्ल्स लुकेन्स यांच्याशी तिचे लग्न झाले. जावयाने सासऱ्याचा धंदा पाहिला आणि डॉक्टरकी सोडून ते लोखंडाकडेच वळले. ब्रँडीवाईन नदीच्या काठी, आज जेथे कोट्सव्हिल गाव आहे तेथे, सासऱ्यांची दुसरी एक गिरणी होती. ती त्यांनी भाड्याने चालवावयास घेतली. तेथील काम असे : लोखंडाची लादी भट्टीत लाल करावयाची आणि दोन जड रुळांच्या मधून पुन्हा पुन्हा काढून तिचा पत्रा करावयाचा. आपण पोळी लाटतो तसेच. फक्त लाटणी दोन, आणि ती फिरविणारे नदीच्या पाण्यावरचे चाक.

ते दिवस वाफेच्या इंजिनांचे होते. इंजिनाला बॉयलर लागतो आणि बॉयलरला जाड, मजबूत पत्रा लागतो. अमेरिकेत असा बॉयलरचा पत्रा प्रथम याच गिरणीत १८१८ साली निघाला, असे मानतात. १८२५ साली तर मोठीच मागणी आली. यॉर्क गावी कोडोरस नावाची एक आगबोट बांधावयाची होती. तिचे अंग लाकडाचे नसून लोखंडाचे असणार होते. अमेरिकेतील ही पहिलीच तशी बोट. तिचे पत्रे लाटण्याचे काम लुकेन्स यांच्याकडे आले.

काम सुरू झाले आणि त्याच उन्हाळ्यात चार्ल्स लुकेन्स वारले. रिबेकाबाईंचे वय तेव्हा एकतीस. पदरात लहान मुले, पोटात आणखी एक. गिरणीवर कर्ज इतके की दिवाळे निघावयाचेच काय ते बाकी. वडील आदल्याच वर्षी गेलेले. त्यांनी गिरणी लेक-जावयाला देण्याचे तोंडी कबूल केले होते, पण मृत्युपत्राप्रमाणे सगळी मालमत्ता आईच्या हयातीपर्यंत आईकडे गेली. म्हणजे गिरणी चालवावयाची, कर्ज फेडावयाचे, वर भाडेही द्यावयाचे, आणि गिरणी मात्र आपली नाही! शिवाय बाईमाणसाने लोखंडाच्या धंद्यात पडू नये, असे खुद्द आईचेच मत. नवऱ्याने मात्र जाताना धंदा चालू ठेव म्हणून सांगितले होते. बाईंनी नवऱ्याचा शब्द धरला.

त्यांनी सगळे एकटीने केले असे कोणी समजू नये. सॉलोमन लुकेन्स हे त्यांचे दीर. भट्टी, रूळ आणि कामगार यांच्यावरची रोजची देखरेख त्यांनी पत्करली. माल कोठून घ्यावयाचा, पत्रा काय भावाने विकावयाचा, कोणाशी करार करावयाचा, पैसा कसा आणावयाचा, हे सारे बाईंनी आपल्याकडे घेतले. कोडोरस बोटीचे पत्रे पुरे झाले आणि नोव्हेंबर महिन्यात ती बोट पाण्यात उतरली. मालक गेला तरी माल मिळतो, हे गिऱ्हाइकांना दिसून आले. धंद्यात याहून मोठी पत कोणती?

त्यानंतरची आठ-नऊ वर्षे कर्ज फेडण्यात गेली. फिलाडेल्फिया तेथून चाळीस मैलांवर. पत्रे आणि कच्चा माल घोड्यांच्या गाड्यांतून ने-आण करावा लागे. नदीच्या पाण्यावरून शेजारच्या गिरणीवाल्याशी तंटाही झाला, कारण पाणी गेले की चाक थांबले. तरीही बाईंच्या पत्र्याचे नाव झाले. आगबोटी आणि रेल्वेची इंजिने यांच्या बॉयलरांसाठी त्याला मागणी येऊ लागली. १८३४ साली फिलाडेल्फिया ते कोलंबिया अशी रेल्वे झाली. ती कोट्सव्हिलवरूनच जात होती, त्यामुळे माल पाठविणे सोपे झाले. त्याच सुमारास कर्जही फिटले. हे साल मैत्रिणींनी मुद्दाम लक्षात ठेवावे. पुढे जे झाले त्याची अर्धी तयारी येथेच झाली होती.

१८३७ साली अमेरिकेत भयंकर मंदी आली. त्याआधी काही वर्षे बँकांनी कर्जे सढळ हाताने दिली होती. लोकांनी उधारीवर जमिनी घेतल्या, जमिनींचे भाव चढतच गेले. मग कापसाचे भाव कोसळले, कर्जाची वसुली थांबली, आणि १० मे १८३७ रोजी न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटेच्या बदली सोने-चांदी देणे बंद केले. पाठोपाठ इतर गावच्या बँकांनीही तेच केले. लोकांच्या हातात नोट होती, पण तिच्यावर कोणाचा विश्वास नव्हता. कारखाने बंद पडले, मजूर रस्त्यावर आले. ही ओढाताण १८४३ सालापर्यंत थोड्याफार फरकाने चालूच राहिली.

ज्याला कारखाना काढावयाचा नाही, रेल्वे बांधावयाची नाही, तो बॉयलरचा पत्रा कशाला घेईल? रिबेकाबाईंच्या गिरणीला काम उरले नाही. कामगारांना रजा देऊन भट्टी विझवावी, हा सरळ मार्ग होता. पुष्कळांनी तोच धरला. बाईंनी मात्र कामगार कमी केले नाहीत. पत्रा लाटावयाचा नाही तर त्यांनी लोकांना गिरणीच्या दुरुस्तीला लावले. गिरणी जोरात चालते तेव्हा दुरुस्तीला सवड कोठून मिळणार? ती सवड आता आयती मिळाली. ज्यांना तेथे काम नव्हते त्यांना आपल्या शेतावर पाठविले. मजुरी द्यावयास रोख रक्कम नसे तेव्हा शेतात पिकलेला माल दिला. पैसा नव्हता, पण एकाही घरची चूल बंद पडू दिली नाही.

यात दया होतीच. पण मला वाटते, नुसती दया नव्हती, हिशेबही होता. लाल झालेली लादी रुळांत धरणे, पत्रा कोणत्या घटकेला काढावयाचा ते ओळखणे, हे हात एका दिवसात तयार होत नाहीत. एकदा ते पांगले की गिरणी पुन्हा सुरू करताना हात कोठून आणणार? मंदी आज ना उद्या जाईल, हे त्यांनी धरले होते. ती गेली तेव्हा गिरणी दुरुस्त झालेली होती आणि माणसे जागच्या जागी होती. आणि हे त्यांना जमले, कारण मंदी आली तेव्हा डोक्यावर जुने कर्ज नव्हते. कर्ज असते, तर मन कितीही मोठे असून काय उपयोग होता?

पुढे थोरला जावई अब्राहम गिबन्स कारभारात आला आणि बाईंनी हळूहळू काम कमी केले. दुसरा जावई चार्ल्स हस्टन हा डॉक्टर. सासऱ्यांप्रमाणेच तोही डॉक्टरकी सोडून लोखंडात आला. आई १८४४ साली वारली, तरी इस्टेटीची गुंतागुंत सुटून गिरणीची मालकी पक्की होण्यास आणखी कित्येक वर्षे लागली. १० डिसेंबर १८५४ रोजी रिबेकाबाई वारल्या. पाच वर्षांनी, १८५९ साली, गिरणीला लुकेन्स हे नाव देण्यात आले. तो कारखाना पुढे शंभराहून अधिक वर्षे त्याच नावाने चालला. १९९८ साली तो दुसऱ्या कंपनीने घेतला. मरणानंतर १४० वर्षांनी, १९९४ साली, अमेरिकेतील थोर उद्योगपतींच्या यादीत बाईंचे नाव घातले गेले.

आता आमच्या वहीची गोष्ट. आमचा धंदा मंडप, बिछायत आणि लग्नाची भांडी भाड्याने देण्याचा. २०२० साली लग्ने बंद झाली, हे सर्वांनाच आठवत असेल. आमच्याकडे तीन माणसे कामाला होती. घरात तीन महिने पुरतील इतकेच पैसे, आणि नव्या टेम्पोचा हप्ता डोक्यावर. मी वही घेऊन बसले आणि यजमानांना म्हटले, एकाला तरी कमी करावेच लागेल. चौदा वर्षे आमच्याकडे असलेल्या माणसालाच आम्ही नाही म्हणून सांगितले, कारण त्याचा पगार सर्वांत जास्त होता. वहीत ते बरोबर दिसत होते. दीड-दोन वर्षांनी लग्ने पुन्हा धडाक्याने सुरू झाली, तेव्हा कोणत्या कार्याला किती पातेली, किती परात आणि किती कनाती लागतात, हे तोंडपाठ असणारा माणूस आमच्याकडे नव्हता. पहिल्याच मोठ्या लग्नात पंगत बसली आणि ताटे कमी पडली. त्याला बोलवावयास यजमान गेले. तोवर तो भाजीच्या धंद्याला लागला होता. तो आला नाही. त्याचे काही चुकले नाही.

आमच्याकडे शेत नाही, रिबेकाबाईंसारखी गिरणी नाही. त्यांना जमले ते आम्हांला सगळे जमले असते, असे मी म्हणणार नाही. पण निम्मा पगार देऊन त्याला ठेवता आले असते. कनाती शिवावयाच्या होत्या, भांड्यांना कल्हई करावयाची होती, गोदामाचे पत्रे गळत होते. ते काम मला तेव्हा दिसलेच नाही. मला फक्त पगाराचा आकडा दिसला.

२०२३ साली अधिक श्रावण आला आणि चातुर्मास पाच महिन्यांचा झाला. कार्ये नाहीत, वही कोरी. तेव्हा मात्र आम्ही कोणाला घरी पाठविले नाही. टेम्पोचे हप्ते त्याच्या आधीच फेडून टाकले होते. पाच महिन्यांत गोदाम शाकारले, कनाती शिवल्या, फुटके-तुटके वेगळे काढले आणि भांड्यांवर नंबर घातले. तुळशीच्या लग्नानंतर पहिले कार्य आले, तेव्हा एक चमचाही कमी पडला नाही.

आपल्या मंडळातही कोणाची शिवणाची मशीन आहे, कोणाचे पापड-मसाल्याचे काम आहे, कोणाच्या घरी दुकान आहे. मंदी सांगून येत नाही. हाताशी काम असते त्या दिवसांत कर्ज फेडावे आणि काम नसते त्या दिवसांत माणसे धरून ठेवावीत, एवढेच मला या बाईपासून शिकता आले. मी उशिरा शिकले. तो भाजीवाला अजून बाजारात भेटतो, वहिनी म्हणून हाक मारतो आणि कोथिंबिरीची जुडी वर टाकतो. ती मी घेते, पण त्याच्याकडे पाहणे मला अजून जड जाते.