थंडीत तडकणारं पोलाद

आमच्या अकोटला धास्ती उन्हाची. थंडीने पोलाद मोडतं, हे मला पटेचना! खत कारखान्यातल्या भाच्याने समजावलं: द्रवरूप अमोनिया उणे ३३ अंशांवर साठवतात, तिथे चुकीचं पोलाद वापरलं, तर पाइप काचेसारखा तडकू शकतो.

हे कोडं सोडवण्यात मोठा वाटा एका बाईचा, कॉन्स्टन्स टिपर यांचा. जन्म १८९४, इंग्लंडमधला. केंब्रिजला शिकून त्या धातुशास्त्रात रमल्या. त्यांचे यजमान जॉर्ज टिपर आपल्या भारतीय भूगर्भ सर्वेक्षणात काम केलेले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत बांधलेली लिबर्टी जहाजं थंड समुद्रात तडकू लागली, काही तर दुभंगली. सगळे वेल्डिंगला दोष देत होते. टिपरबाईंनी दाखवलं की, मूळ दोष पोलादात आहे. ठरावीक तापमानाखाली ते ठिसूळ होतं. जोड अखंड असल्याने भेग फक्त पुढे धावते. १९४९ मध्ये त्या केंब्रिजला रीडर झाल्या. १९९५ मध्ये, १०१ वर्षांच्या होऊन गेल्या.

आता अशा पाइपचं पोलाद आधी गारठवून, घाव घालून पारखतात. मैत्रिणींनो, भाचा रात्रपाळीला निघाला की मला या बाईंची आठवण येते, अन् जीव थोडा खाली पडतो.