जोसेफ ब्रामा : पाण्याच्या बळाने कापसाची गाठ बांधणारा कारागीर

आपले पूर्वज गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात मुंबई बंदरात जहाजावर चढले आणि या बेटाकडे निघाले, ही हकीकत आपण घराघरांत ऐकत आलो आहोत. त्याच बंदरात, त्याच वर्षांत, आणखी एक माल जहाजांच्या पोटात भरला जात होता. तो माल म्हणजे कापूस. खानदेश, वऱ्हाड, गुजरात आणि धारवाडकडचा कापूस मुंबईला येई आणि तेथून विलायतेला किंवा चीनला जाई.

कापूस हा मोठा विचित्र माल आहे. तो हलका असतो, पण जागा फार घेतो. सरकी काढलेली रुई पोत्यात सैल भरली तर त्या पोत्यात रुईपेक्षा हवाच जास्त असते. जहाजवाला तर जागेचे भाडे घेणार. म्हणजे व्यापाऱ्याने कापूस सैल पाठवला तर त्याने हवेचे भाडे भरले, असाच त्याचा अर्थ. म्हणून रुई दाबून तिची घट्ट गाठ बांधणे हे कापसाच्या धंद्यातले कळीचे काम होते. मुंबईत कापसाची खंडी ७८४ पौंडांची धरत आणि तिच्या निम्म्याची, म्हणजे ३९२ पौंडांची, एक गाठ बांधत. एवढी रुई लहानशा जागेत कोंबायची, तर तिच्यावर केवढा दाब द्यावा लागेल!

हा दाब पूर्वी मळसूत्राने दिला जाई. मोठ्या पेटीत रुई टाकून माणसे ती पायांनी तुडवत. मग वरून मळसूत्राचा भक्कम दांडा फिरवून ती दाबत. दांड्याला आडव्या काठ्या लावलेल्या असत आणि बैल घाण्याभोवती फिरतो तशी माणसांची टोळी त्याभोवती फिरे. घाम गाळूनही गाठ हवी तेवढी घट्ट होत नसे, कारण मळसूत्राच्या आट्यांत घर्षण फार असते. माणसांचे पुष्कळसे बळ ते घर्षणच खाऊन टाकी.

ही अडचण ज्याच्या शोधामुळे सुटली त्याने मुंबई कधी पाहिली नाही. तो यॉर्कशायरमधल्या एका शेतकऱ्याचा लंगडा मुलगा होता. त्याचे नाव जोसेफ ब्रामा.

ब्रामाचा जन्म १७४८ साली इंग्लंडमध्ये बार्न्सलीजवळ स्टेनबरो येथे झाला. बाप शेती करी आणि मुलाने नांगर धरावा अशी घरची अपेक्षा होती. परंतु सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या घोट्याला मोठी दुखापत झाली आणि तो शेतीच्या कामाला निकामी झाला. लहानपणापासून त्याला लाकूड कोरण्याचा नाद होता; ओबडधोबड हत्यारांनी त्याने वाद्येसुद्धा तयार केली होती. म्हणून त्याला गावच्या सुताराकडे उमेदवारीस ठेवले. काम शिकून झाल्यावर तो पायी चालत लंडनला गेला. अधू पायाने यॉर्कशायरहून लंडन गाठणे ही काही सोपी गोष्ट नव्हे.

लंडनमध्ये तो लाकडी सामान बनवणाऱ्याकडे लागला. श्रीमंतांच्या घरी पाण्याचे शौचकूप बसवण्याचे काम त्याच्याकडे येई. बसवता बसवता त्यातले दोष त्याच्या ध्यानात आले आणि त्याने ते सुधारले. १७७८ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. त्यानंतर तो कुलपांकडे वळला. १७८४ साली त्याने नव्या रचनेच्या कुलपाचे पेटंट घेतले. पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत त्याने एक कुलूप मांडले आणि ते किल्लीवाचून उघडणाऱ्यास दोनशे गिनींचे बक्षीस लावले. ते कुलूप साठाहून अधिक वर्षे कोणालाही उघडता आले नाही. शेवटी १८५१ साली हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने सोळा दिवसांत मिळून ५१ तास खपून ते उघडले. तेव्हा ब्रामाला जाऊन ३७ वर्षे झाली होती.

कुलपाचे भाग इतके बारीक व अचूक असत की साध्या कारागिराच्या हातून ते होईनात. म्हणून १७८९ साली ब्रामाने हेन्री मॉड्स्ली या अठरा वर्षांच्या तरुणाला कामावर घेतले. हा मुलगा वूलिचच्या शस्त्रागारात वाढलेला. बाराव्या वर्षी तो तेथे काडतुसांत दारू भरण्याचे काम करी. त्याने सात वर्षांची रीतसर उमेदवारी केलेली नव्हती, पण हाताची करामत अशी की थोड्याच काळात तो ब्रामाच्या कारखान्याचा मुकादम झाला. कुलपाचे भाग बनवणारी यंत्रेच या दोघांनी मिळून उभी केली.

आता आपल्या मुख्य विषयाकडे येऊ. १७९५ साली ब्रामाने जलदाब यंत्राचे, म्हणजे हायड्रॉलिक प्रेसचे, पेटंट घेतले. त्यामागचे तत्त्व फ्रान्सच्या पास्कल या विद्वानाने शंभरावर वर्षे आधी सांगितले होते. बंदिस्त पाण्यावर एका जागी दाब दिला तर तो सर्व बाजूंना सारखाच पोचतो. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हे असे समजावतो. एक अरुंद नळकांडे घ्या आणि एक रुंद नळकांडे घ्या. दोन्ही नळीने जोडून पाण्याने भरा. दोन्हींत दट्ट्ये बसवा. लहान दट्ट्याचे तोंड एक चौरस इंच आणि मोठ्याचे शंभर चौरस इंच असेल, तर लहान दट्ट्यावर ५० पौंडांचा भार दिला असता मोठा दट्ट्या ५,००० पौंडांच्या जोराने वर उचलला जातो. अर्थात फुकट काही मिळत नाही. मोठा दट्ट्या एक इंच वर यायचा तर लहान दट्ट्याने शंभर इंच पाणी ढकलले पाहिजे. म्हणून लहान बाजूला पंप लावतात आणि तो पुन्हा पुन्हा हलवतात. मळसूत्रात जे बळ घर्षणात वाया जाई, ते येथे वाचते.

तत्त्व सोपे, परंतु यंत्र चालेना. मोठा दट्ट्या नळकांड्यातून जेथे वर येतो तेथील फटीतून पाणी जोराने बाहेर फुटे. ती फट घट्ट आवळून बंद करावी तर दट्ट्याच जागी अडकून बसे आणि दाब काढल्यावरही खाली येईना. सैल ठेवावी तर पाणी गळे, आणि पाणी गळाले की दाब गेला. सगळा शोध त्या बोटभर फटीशी अडला होता.

त्यावर जो उपाय निघाला तो चामड्याचा होता. चामड्याची एक गोल कडी घेऊन तिला पन्हळासारखा आकार दिला आणि पन्हळाचे तोंड पाण्याच्या बाजूस ठेवून ती दट्ट्याभोवती बसवली. पाण्याचा दाब वाढला की पाणी त्या पन्हळात शिरून त्याच्या दोन्ही कडा फाकवते. एक कड दट्ट्याला चिकटते, दुसरी नळकांड्याला. दाब जितका जास्त, तितकी कडी घट्ट. दाब सोडला की कडी आपोआप सैल होते आणि दट्ट्या सुखाने खाली येतो. म्हणजे जे पाणी निसटू पाहत होते त्यालाच राखणदार केले!

ही कडी कोणी शोधली? पेटंटावर नाव ब्रामाचे आहे. पण ही युक्ती मॉड्स्लीची होती, असे पुढे मॉड्स्लीच्या हाताखाली काम केलेल्या जेम्स नॅस्मिथने सांगितले आहे. ब्रामाची थोरवी याने कमी होत नाही. पास्कलचे तत्त्व कपाटातून काढून कारखान्यात आणण्याची दृष्टी त्याचीच. मात्र मॉड्स्लीशी तो ज्या रीतीने वागला ते सांगितल्यावाचून त्याचे चरित्र पुरे होत नाही.

मॉड्स्ली मुकादम होता आणि आठवड्याला तीस शिलिंग मिळवी. त्याचे लग्न झाले होते, मुले झाली होती, खर्च वाढला होता. १७९७ साली त्याने पगार वाढवून मागितला. ब्रामाने नकार दिला. मॉड्स्ली काम सोडून गेला आणि त्याने लंडनमध्येच स्वतःचे लहानसे दुकान थाटले. मळसूत्राचे आटे अचूक कापणारे त्याचे लेथ यंत्र जगभरच्या यंत्रविद्येचा पाया ठरले. थोड्याशा शिलिंगांसाठी ब्रामाने आपला सर्वांत मोठा कारागीर गमावला. शेतकऱ्याच्या घरातून पायी आलेल्या माणसाला दुसऱ्या गरीब कारागिराची गरज कळू नये, याचे नवल वाटते. पण असे घडते. वर चढलेला माणूस पुष्कळदा शिडीच्या खालच्या पायऱ्या विसरतो.

त्यानंतरही ब्रामाचे शोध थांबले नाहीत. लाकूड रंधण्याचे यंत्र, बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांवर आकडे छापण्याचे यंत्र अशी कितीतरी कामे त्याने केली. अखेरच्या दिवसांत हॅम्पशायरमधल्या होल्टच्या जंगलात जलदाब यंत्राने झाडे मुळासकट उपटण्याचे काम तो स्वतः उभे राहून करवीत होता. तेथे त्याला थंडी बाधली आणि ९ डिसेंबर १८१४ रोजी तो वारला.

त्याचे यंत्र मात्र वाढत गेले, आणि ते मॉड्स्लीच्या परंपरेतूनही वाढले. नॅस्मिथ मॉड्स्लीकडे शिकून बाहेर पडला आणि १८३६ च्या सुमारास त्याने मँचेस्टरजवळ पॅट्रिक्रॉफ्ट येथे कारखाना काढला. पुढे त्याच कारखान्यातून कापसाच्या गाठी बांधणारे जलदाब प्रेस तयार होऊन इजिप्तला व हिंदुस्थानला गेले. ज्याला पगारवाढ नाकारली त्याच्याच शिष्याच्या कारखान्याने ब्रामाचा शोध आपल्या पूर्वजांच्या देशात पोचवला.

हिंदुस्थानात या यंत्राची खरी गरज पडली ती १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या वर्षांत. अमेरिकेचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे डोळे लावून बसल्या. तेव्हा वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून व गाड्यांतून येई. वाटेत धूळ बसे, पावसात भिजे. मग घाट फोडून रेल्वे वर गेली. बोरघाटाचा रस्ता १८६३ साली आणि थळघाटाचा १८६५ साली खुला झाला. १८६७ साली गाडी नागपूरला पोचली, आणि १८७० साली खामगावच्या कापूस बाजाराला स्वतःचा फाटा मिळाला. रेल्वेच्या डब्यातही जागा मोजकीच असते. म्हणून गाठ मुंबईत बांधण्याऐवजी कापूस पिकतो तेथेच बांधावी, असा विचार पुढे आला आणि खामगाव, अकोला, अमरावती, हिंगणघाट अशा गावी जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. त्यांची धुराडी वऱ्हाडच्या माणसाच्या ओळखीची झाली.

यंत्रातही सुधारणा होत गेल्या. हातपंपाच्या जागी वाफेचे पंप आले. दोन पेट्यांचे फिरते प्रेस आले. एका पेटीत रुई दाबली जात असताना दुसरी भरून तयार होई, त्यामुळे प्रेस रिकामा राहत नसे. दोरखंडाऐवजी लोखंडी पट्ट्यांनी गाठ आवळू लागले. पुढे वीज आली. आज भारतात गाठ १७० किलोची धरतात. पाण्याऐवजी आता यंत्रात तेल असते आणि चामड्याऐवजी रबराची किंवा तशाच पदार्थाची कडी. पण कडीची युक्ती तीच, दोनशे वर्षांपूर्वीची.

या प्रगतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मळसूत्राचा दांडा ओढणाऱ्या टोळ्यांचे काम गेले. बैलांवर माल वाहणाऱ्या लमाणांचा धंदा रेल्वेने बुडवला. नव्या कारखान्यांत काम मिळाले खरे, पण ते हंगामी, आणि कापसाच्या धुळीत छाती भरून घेणारे. यंत्राने माणसाच्या पाठीवरचे ओझे उतरवले, पण त्या बचतीचा वाटा ज्याची पाठ मोडली होती त्याला क्वचितच मिळाला.

आपल्या बेटावर कापसाच्या गाठी बांधत नाहीत. पण साखर कारखान्यात ज्यांचे वाडवडील राबले त्यांना ब्रामाचे तत्त्व परके नाही. उसाच्या चरकातल्या वरच्या लाटेवर सतत सारखा दाब राहावा म्हणून तेथेही जलदाबाचीच योजना असते.

आणि आजही ती गाठ बांधणारे हात आपल्याच लोकांचे असतात. कुवेतच्या विमानतळाजवळ जलीब अल शुयूख नावाची वस्ती आहे. त्या नावाचा अर्थ शेखांची विहीर. भारतातून व शेजारच्या देशांतून गेलेले हजारो कामगार तेथे दाटीवाटीने राहतात. त्यांतला कोणी एखाद्या मोठ्या दुकानाच्या मागे रिकामी खोकी यंत्रात दाबून पुठ्ठ्याची गाठ बांधत असेल, तर बटण दाबताना त्याच्या हाताखाली ब्रामाचाच दट्ट्या सरकत असतो. घरी पाठवायचे पैसे मोजताना त्यालाही मॉड्स्लीसारखाच प्रश्न पडत असेल, की एवढ्यात भागवायचे कसे.

आपल्या मुलांना ब्रामाची गोष्ट जरूर सांगावी. पाय अधू झाला म्हणून तो बसून राहिला नाही, हे तर सांगावेच. पण मॉड्स्लीची गोष्टही तिच्याबरोबर सांगावी. प्रचंड प्रेस उभा राहिला तो चामड्याच्या एका कडीवर, आणि ती कडी घडवणाऱ्याला मागितलेली वाढ मिळाली नाही. उद्या आपल्यापैकी कोणाच्या हाताखाली चार माणसे काम करतील, तेव्हा त्याने हे ध्यानात ठेवावे.