शांतिनिकेतनचे परदेशी आश्रमवासी : दीनबंधू अँड्र्यूज

चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज यांचे नाव निघाले की फिजी बेटांवरील गिरमिटिया मजूर आठवतात, महात्मा गांधींशी असलेले त्यांचे जिव्हाळ्याचे नाते आठवते. परंतु ज्या ठिकाणाला ते आयुष्याच्या उत्तरार्धात आपले घर मानीत, ती होती बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील एक शाळा. या शाळेत ते अधिकारी म्हणून आले नव्हते. पाहुणे म्हणून आले आणि तेथलेच होऊन राहिले.

१२ फेब्रुवारी १८७१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे त्यांचा जन्म झाला. केंब्रिजच्या पेम्ब्रोक महाविद्यालयात शिक्षण, पुढे धर्मगुरूपदाची दीक्षा आणि लंडनच्या वॉलवर्थ या गरीब वस्तीत सेवाकार्य, असा त्यांचा आरंभीचा प्रवास आहे. मार्च १९०४ मध्ये केंब्रिज मिशनच्या वतीने ते दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात अध्यापक म्हणून रुजू झाले. दोनच वर्षांनी तेथील प्राचार्यपद रिकामे झाले. त्या काळच्या रीतीप्रमाणे ते इंग्रजाकडेच जायचे, आणि अँड्र्यूज यांचे नाव पुढे होते. परंतु ज्येष्ठ भारतीय सहकारी सुशीलकुमार रुद्र यांना डावलून आपण त्या खुर्चीवर बसणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी रुद्र यांच्यासाठीच आग्रह धरला आणि तो सिद्धीस नेला. परक्या देशातील शिक्षणसंस्थेत आपले स्थान कोणते, याचा निर्णय त्यांनी तेव्हाच करून टाकला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

१९१२ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये चित्रकार रोथेनस्टाइन यांच्या घरी कवी येट्स यांनी रवींद्रनाथांच्या कवितांचे इंग्रजी अनुवाद वाचून दाखविले. श्रोत्यांत अँड्र्यूज होते. त्या रात्रीने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. १९१३ च्या आरंभी ते प्रथमच शांतिनिकेतनला गेले, तेव्हा यजमान रवींद्रनाथ स्वतः अमेरिकेत होते. गुरुदेवांच्या अनुपस्थितीत त्यांनी पाहिले ते वृक्षाखाली भरणारे वर्ग आणि तेथील साधे आश्रमजीवन. १९०१ साली अवघ्या पाच विद्यार्थ्यांवर सुरू झालेल्या या शाळेवर सरकारचा विश्वास नव्हता. सरकारी नोकरांनी आपली मुले तेथे पाठवू नयेत, असे परिपत्रकही पूर्व बंगाल व आसामच्या शासनाने काढले होते. अशा शाळेत एका इंग्रज धर्मगुरूने जाऊन राहणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

मध्यंतरी नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहींच्या साहाय्यासाठी हाक दिली. अँड्र्यूज यांनी आपली सारी शिल्लक त्या निधीला दिली आणि मित्र विल्यम पिअर्सन यांच्यासह ते तिकडे रवाना झाले. जानेवारी १९१४ मध्ये दर्बानच्या धक्क्यावर उतरताच त्यांनी वाकून गांधीजींच्या पायांना स्पर्श केला; तेथील गोऱ्या समाजात त्यावरून मोठा क्षोभ उसळला. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये त्यांच्या मातोश्रींचे निधन झाले. परतल्यावर त्यांनी मिशनचा निरोप घेतला आणि १९१४ च्या मध्यास ते शांतिनिकेतनात राहावयास आले. पिअर्सनही आले.

त्यानंतरचे काही महिने या शाळेच्या इतिहासात विलक्षण ठरले. गांधीजींच्या फिनिक्स आश्रमातील मुलांना भारतात आसरा हवा होता. अँड्र्यूज यांच्या मध्यस्थीने ती मुले शांतिनिकेतनात राहिली. मराठी मातीत वाढलेले काका कालेलकरही त्या वेळी तेथेच होते. १७ फेब्रुवारी १९१५ रोजी गांधीजी आले, आणि गोखल्यांच्या निधनाची वार्ता येताच पुण्याकडे निघाले. ते परतल्यावर १० मार्चपासून आचाऱ्यांना रजा देऊन विद्यार्थी आणि शिक्षकांनी स्वतः स्वयंपाक करण्याचा, भांडी घासण्याचा प्रयोग सुरू झाला. पिअर्सन त्यात हिरिरीने उतरले. प्रयोग फार काळ टिकला नाही; परंतु १० मार्च हा दिवस शांतिनिकेतनात आजही गांधी पुण्याह म्हणून पाळला जातो.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगितली पाहिजे. वेळापत्रकाप्रमाणे रोज वर्गावर जाणारे शिक्षक या दृष्टीने पाहिले, तर अँड्र्यूज शाळेला फारसे लाभलेच नाहीत. १९१५ च्या उन्हाळ्यात कॉलऱ्याने ते मरणाच्या दारी जाऊन आले, आणि सावरतात न सावरतात तोच गिरमिटियांच्या चौकशीसाठी पिअर्सनसह फिजीला निघाले. १९१७ मध्ये ते पुन्हा तेथे गेले. १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेल्या मजुरांचे करार रद्द झाले, त्यात या खटपटीचा वाटा मोठा होता. कधी पंजाब, कधी पूर्व आफ्रिका, कधी मजूर संघटनांचे अध्यक्षपद! दीनबंधू ही उपाधी त्यांना या वणवणीनेच मिळवून दिली. पिअर्सन यांच्या वाट्याला वेगळेच आले. भारताच्या स्वातंत्र्याची बाजू मांडणाऱ्या पुस्तकामुळे इंग्रज सरकारने त्यांना चीनमध्ये पकडून मायदेशी धाडले. १९२१ मध्ये ते शांतिनिकेतनात परतू शकले, आणि १९२३ मध्ये इटलीत आगगाडीच्या अपघातात त्यांचा अंत झाला.

तरीही अँड्र्यूज प्रत्येक प्रवासानंतर परत आले ते शांतिनिकेतनातच. प्रवासात असताना रवींद्रनाथ त्यांना पत्रांतून आपल्या मनातील चिंता कळवीत, आणि त्यांत शाळेची चिंता असेच. सप्टेंबर १९२१ मध्ये असहकाराच्या प्रश्नावर गांधीजी आणि गुरुदेव यांची जोडासाँको येथील घरी बंद दाराआड भेट झाली, तेव्हा तिसरी व्यक्ती होती ती अँड्र्यूज. दोघांचेही मन जाणणारा आणि दोघांनाही रोखठोक सांगू शकणारा माणूस दुसरा नव्हता. १९३८ मध्ये शांतिनिकेतनातील हिंदी भवनाची पायाभरणी त्यांच्याच हस्ते झाली. बंगालमधील संस्थेत, हिंदीसाठी, इंग्रजाच्या हातून!

५ एप्रिल १९४० रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले आणि तेथील लोअर सर्क्युलर रोडवरील दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्यांच्या स्मारकासाठी पाच लाख रुपये उभारावयाचे ठरले. निधी रेंगाळला, तेव्हा मे १९४२ मध्ये गांधीजी स्वतः मुंबईत येऊन राहिले आणि आठवडाभरात त्यांनी ती रक्कम पूर्ण केली. पुतळ्यासाठी त्यातले काही नव्हते. तो पैसा शांतिनिकेतनच्या कार्यासाठी होता.