विश्लेषण : ब्रेकमध्ये शिरलेली हवा आणि पास्कलचे ३९ वर्षांचे आयुष्य

मोटरसायकलच्या पुढच्या डिस्क ब्रेकचा जुना पाईप बदलला. नवा बसवला, बोल्ट आवळले, वरच्या टाकीत ब्रेक ऑइल भरले. आता लिव्हर दाबला तर तो थेट मुठीला टेकतो आणि चाक मात्र मोकळे फिरते. पाईप फुटलेला नाही, तेलही गळत नाही. नव्या पाईपमधली हवा अजून आतच आहे, इतकेच. ती काढण्याच्या कामाला गॅरेजमध्ये ‘ब्रेक ब्लीड करणे’ म्हणतात. तेल दाब जसाच्या तसा पुढे का पोहोचवते आणि हवेचा एक बुडबुडा तो का गिळून टाकतो, हे समजायचे तर पावणेचारशे वर्षे मागे, फ्रान्समधल्या एका आजारी तरुणाकडे जावे लागते. ब्लेझ पास्कल हे त्याचे नाव.

कोण होता पास्कल?

१९ जून १६२३ रोजी क्लेरमाँ या गावी त्याचा जन्म झाला. (याच गावात पुढे मिशलँ ही टायर कंपनी निघाली, हा निव्वळ योगायोग.) तो तीन वर्षांचा असताना आई गेली. वडील एतिएन करखात्यातले अधिकारी आणि स्वतः गणिताचे जाणकार. जिल्बेर्त ही मोठी बहीण आणि जॅकलिन ही धाकटी. वडिलांनी मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवले. सोळाव्या वर्षी त्याने शंकुच्छेदांवर लिहिलेल्या प्रमेयाला आजही त्याचेच नाव आहे.

वडिलांची बदली रुआं शहरात झाली. तिथे करांच्या बेरजा करताना त्यांच्या रात्री जात. ते पाहून मुलाने १६४२ मध्ये दातेरी चाकांचे गणनयंत्र बनवायला घेतले. जवळपास पन्नास नमुने केल्यावर ते मनासारखे झाले. ते खपले मात्र फारसे नाही, कारण फार महाग होते.

हवेला वजन असते का?

पाऱ्याने भरलेली लांब काचनळी पाऱ्याच्याच भांड्यात उलटी धरली, तर पारा ठरावीक उंचीपर्यंत उतरून थांबतो आणि वर रिकामी जागा राहते. इटलीत तोरिचेल्लीने सुचवलेल्या या प्रयोगाची बातमी १६४६ मध्ये रुआंत पोहोचली. त्या रिकाम्या जागेत काय आहे, यावर युरोपभर वाद पेटला होता. निसर्ग पोकळी राहूच देत नाही, हे तेव्हाच्या विद्वानांचे ठाम मत. देकार्तसारखा मोठा माणूसही पोकळी मानत नव्हता.

पास्कलचे म्हणणे वेगळे होते. पाऱ्याला वर कोणी ओढत नाही, बाहेरची हवा आपल्या भाराने त्याला वर ढकलून धरते. हे खरे असेल तर डोंगरावर, जिथे डोक्यावर हवा कमी, तिथे पारा खाली यायला हवा. क्लेरमाँजवळ पुई द डोम हा डोंगर होताच. पण पास्कल पॅरिसमध्ये होता आणि प्रकृती ढासळलेली. त्याने जिल्बेर्तच्या नवऱ्याला, फ्लोरां पेरिएला पत्र लिहिले.

१९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए गावातली काही प्रतिष्ठित मंडळी बरोबर घेऊन डोंगर चढला. एक नळी खाली मठाच्या बागेत ठेवून तिच्यावर दिवसभर लक्ष ठेवायला एक धर्मगुरू बसवला. माथ्यावर दुसऱ्या नळीतला पारा सुमारे आठ सेंटीमीटर खाली आला होता. पेरिएने जागा बदलून, आडोशाला आणि वाऱ्यात असे पाच वेळा मोजले. दरवेळी तेच माप. खाली बागेतला पारा दिवसभरात हलला नव्हता. बुद्धी पास्कलची असली तरी हा प्रयोग इतका पक्का झाला तो मेव्हण्याच्या चिकाटीमुळे, हे मान्य करायला हवे.

मग ब्रेकचा नियम कुठून आला?

पुढच्या काही वर्षांत पास्कलने दोन छोटे प्रबंध लिहिले, एक द्रवांच्या समतोलावर आणि दुसरा हवेच्या भारावर. पहिल्यात त्याने पाण्याने भरलेले बंद भांडे कल्पिले आहे. त्याला दोन तोंडे, एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठे आणि दोन्हींत दट्टे. लहान दट्टा दाबणारा एक माणूस मोठा दट्टा दाबणाऱ्या शंभर माणसांना तोलून धरतो, कारण बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. फुकट मात्र काही मिळत नाही. मोठा दट्टा एक इंच सरकवायचा तर लहान दट्ट्याला शंभर इंच आत जावे लागते, हेही त्याने नोंदवले.

हँडलवरचा मास्टर सिलिंडर म्हणजे तो लहान दट्टा आणि चाकाजवळच्या कॅलिपरमधला पिस्टन म्हणजे मोठा. दोन बोटांच्या जोरावर भरधाव गाडी थांबते ती यामुळेच. मास्टर सिलिंडरचा पिस्टन पुरता दाबला तरी तेल सरकते ते जेमतेम एक-दोन मिलिलिटर. तेवढ्यातच सगळे भागवायचे असते.

दुसऱ्या प्रबंधात त्याने हवेला लोकरीच्या ढिगाची उपमा दिली. वरच्या लोकरीच्या भाराने तळाची लोकर दबते, तशी जमिनीलगतची हवा दबलेली असते. ब्रेकच्या पाईपमध्ये अर्धा मिलिलिटर हवा राहिली, तर लिव्हरची बरीचशी चाल ती लोकर दाबण्यातच संपते आणि पॅड डिस्कला धड टेकतही नाहीत. लिव्हर ‘स्पंजासारखा’ लागतो, अशी तक्रार असते ती हीच.

हवा काढताना चूक कुठे होते?

टाकीत तेल भरायचे, कॅलिपरच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोडे तेल असलेल्या बाटलीत बुडवायचे. लिव्हर दाबून धरायचा, निपल किंचित सैल करायचा, बुडबुडे बाहेर पडले की निपल आधी आवळायचा आणि मगच लिव्हर सोडायचा. हा क्रम उलटला तर हवा परत आत ओढली जाते. टाकीतले तेल तळाला गेले तरी तेच, म्हणजे सगळे पहिल्यापासून. बुडबुडे वर चढतात, त्यामुळे मास्टर सिलिंडरजवळच्या बोल्टपाशी एखादा हमखास अडकून बसतो. पाईपला हलक्या टिचक्या मारल्या की तो सुटतो.

पाईपच्या बोल्टखालच्या वॉशर नव्या हव्यात. तेल झाकणावर लिहिले असेल तेच वापरायचे, सील फोडलेल्या जुन्या डब्यातले नको, कारण ते हवेतला ओलावा शोषते. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवायचे. ‘एबीएस’ असलेल्या गाडीत हवा त्या यंत्रणेत अडकली, तर काही वेळा कंपनीचे निदान उपकरण लागते, तिथे घरगुती खटपट नको. आणि लिव्हर घट्ट लागेपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची नाही. उभ्या गाडीवर लिव्हर जोरात दाबून धरावा. तो हळूहळू खाली सरकत राहिला तर काम अर्धवट आहे.

पास्कलचे पुढे काय झाले?

वडील १६५१ मध्ये गेले. जॅकलिन पोर्ट रॉयलच्या मठात जोगीण झाली. तिने जाऊ नये म्हणून त्याने हट्ट धरला होता, तो चालला नाही. २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री त्याला आलेल्या धार्मिक अनुभवाची टिपणे पुढे आयुष्यभर त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवलेली होती. त्यानंतर त्याचे मन बहुतांशी धर्मचिंतनात रमले. दोन्ही प्रबंध छापखान्यात गेलेच नाहीत. तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक कारखान्यातून निघणाऱ्या मोटारीच्या चारही चाकांना लागायला १९२१ साल उजाडले, आणि मोटरसायकलवर डिस्क ब्रेक घरोघरी माहीत झाला तो १९६९ च्या ‘होंडा सीबी ७५०’पासून.

शेवटच्या वर्षीही त्याने एक गोष्ट रस्त्यावर आणलीच. १८ मार्च १६६२ रोजी पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळी, पाच ‘सू’ भाड्यात धावणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या. शहर बससेवेची ही सुरुवात. पाच महिन्यांनी, १९ ऑगस्टला, जिल्बेर्तच्या घरी तो वारला. जॅकलिन आदल्याच वर्षी गेली होती. दोन्ही प्रबंध १६६३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते छापून घेणारा होता पाऱ्याची नळी घेऊन डोंगर चढलेला त्याचा मेव्हणा, पेरिए.